बाटलीतला जांभळा रंग

संशय घेण्याचा मला पगार मिळत असे. नोकरीच्या कागदावर हुद्दा वेगळा लिहिला होता, पण काम तेच.

परळच्या एका इस्पितळात क्षयाच्या नव्या औषधांवर एक प्रयोग चालू होता. तोवर क्षय झाला म्हणजे माणूस दूर कुठेतरी डोंगरावरच्या नाहीतर समुद्राकाठच्या आरोग्यधामात जायचा, महिनोन् महिने खाटेवर पडायचा, अंडी-दूध खायचा आणि नशिबात असेल तर परत यायचा. आता गोळ्या आल्या होत्या. आमच्या डॉक्टरांना एवढंच पाहायचं होतं की गिरणीतला माणूस चाळीतल्या आपल्या खोलीतच राहिला, नेहमीचं जेवला आणि गोळ्या मात्र नेमाने घेत राहिला, तर तो तितकाच बरा होतो की नाही. सगळी मदार त्या 'नेमाने' शब्दावर. आणि नेमाने घेतो की नाही हे पाहणार मी.

मी आगाऊ न कळवता खोलीवर जायची. गोळ्यांचा पत्र्याचा डबा मागायची, उरलेल्या गोळ्या मोजायची, आणि बरोबर नेलेली बाटली पुढे करून म्हणायची, "दादा, यात थोडी लघवी द्या." पहिल्या महिन्यात हे वाक्य म्हणताना माझी जीभ अडखळायची. नंतर मी ते भाजीवाल्याला कोथिंबीर मागावी तसं म्हणू लागले. इस्पितळात परतल्यावर त्या लघवीत लोखंडाच्या एका क्षाराचे पिवळे थेंब टाकायचे. औषध पोटात गेलेलं असेल तर बाटलीत तांबूस जांभळा रंग उमटायचा. गेलेलं नसेल तर नुसतं पिवळं. मग वहीत त्या माणसाच्या नावापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' लिहायचं.

या कामाला मी जन्मतःच लायक होते. नायगावच्या बीडीडी चाळीत आम्ही राहायचो, आणि आमच्या घरात कुठलीही गोष्ट पारखल्याशिवाय आत येत नसे. हिंदमाताच्या एका दुकानात पहिल्यांदा नायलॉनची साडी लागली तेव्हा आई मला घेऊन ती पाहायला गेली. हे कापड कापसाचं नाही, रेशमाचं नाही, कारखान्यात रसायनांपासून काढलंय, असं दुकानदार सांगत होता. आईने पदराचा एक सुटा धागा मागून घेतला, दुकानाबाहेर येऊन काडी पेटवली आणि धागा त्यावर धरला. धागा जळला नाही, वितळला आणि त्याचा मणी झाला. "हे अंगावर पेटलं तर कातडीला चिकटंल," आई म्हणाली, आणि आम्ही सुती लुगडं घेऊन घरी आलो. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पण प्रयोग कसा करायचा हे मी आधी तिच्याकडून शिकले, कॉलेजात नंतर.

डॉक्टर ठाकूरद्वारचे, पांढरपेशा ब्राह्मणी वस्तीतले. पांढरीशुभ्र पँट, शुद्ध बोलणं, सायकलवरून यायचे. शनिवारी काम आटोपलं की ते आम्हा चारपाच जणांना चहाला बसवायचे आणि बोटीने आलेली परदेशी मासिकं उघडून आठवड्यातलं नवं काही सांगायचे. नवल ऐकताना लहान मुलाचा होतो तसा त्यांचा चेहरा व्हायचा. काचेच्या दिव्यांऐवजी हरभऱ्याएवढ्या स्फटिकाच्या तुकड्यावर चालणारा रेडिओ निघालाय, खिशात मावतो. प्रकाशाऐवजी विजेच्या कणांनी बघणारं सूक्ष्मदर्शक आलंय, त्यात विषाणूसुद्धा दिसतात. आईबापांचं रंगरूप मुलांत उतरवणारं द्रव्य म्हणजे पीळ घातलेली शिडी आहे. क्षयावरचंच एक औषध शेतातल्या मातीतल्या सूक्ष्मजंतूपासून काढलंय.

मी विचारायची, "सर, हे दुसऱ्या कुणी करून पाहिलं का?"

ते खूश व्हायचे. "तुम्ही हेच विचारत राहा. विज्ञानात भोळ्या माणसाचं काम नाही."

त्यांना वाटायचं माझा संशय विज्ञानातून आलाय. त्यांना काय माहीत, तो कुठून आलाय ते. शिडीचा पीळ मी मान्य केला, पण ठाकूरद्वारचा माणूस मला आपल्या टेबलाशी बसवून चहा देतो यात काय मेख आहे, हे मी बरेच दिवस शोधत होते. सापडली नाही. सापडली नाही म्हणून नाही असं मात्र मी मानलं नाही.

रोगी लोकही सरळ नव्हते. गोळ्या मोठ्या, कडवट, पोटात ढवळून आणणाऱ्या. पहिले दोन महिने माणूस घेतो, मग खोकला कमी होतो, अंगात ताकद येते आणि गोळ्या नकोशा वाटतात. त्या मला तुळशीच्या कुंडीत सापडल्या आहेत, पाटावरच्या गणपतीमागे सापडल्या आहेत, आणि परळच्या दोघांच्या तर गॅलरीखालच्या गटारात. त्या दोघांच्या नावापुढे मी 'चूक' लिहिलं आणि डॉक्टरांनी त्यांची नावं प्रयोगातून काढली. त्यातला एकजण इस्पितळाच्या पायऱ्यांवर डॉक्टरांपुढे हात जोडून उभा असलेला मी प्रयोगशाळेच्या काचेतून पाहिला. डॉक्टर मान हलवत होते. बोलणं ऐकू येत नव्हतं. मला ऐकायची गरजही वाटली नाही. मी मनाशी लिहून ठेवलं की हा गोड बोलणारा माणूस नियमापुढे कुणाचं ऐकत नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गिरणगावात भिंतीभिंतीवर चुन्याने लिहिलेलं, दर दोन दिवसांनी मोर्चा नाहीतर हरताळ, कुठे लाठीमार, कुठे गोळीबार. साध्या वेशातले पोलीस चाळींतून फिरतात, कोण सभेला जातं ते टिपून घेतात, असं सगळे म्हणत. अशा दिवसांत एक अनोळखी बाई खांद्याला पिशवी लावून लालबागच्या चाळीत शिरते, नाव विचारते, खोली विचारते आणि वहीत लिहिते. लोकांनी तिला काय समजावं?

त्या चाळीत खाली सार्वजनिक नळ होता. अनोळखी माणूस आत शिरला की नळावरची कुणीतरी बाई रिकाम्या हंड्यावर वाटीने दोनदा ठण ठण करायची. वरच्या मजल्यावरची कुणी तेच करायची. पोलिसांसाठी ठरवलेली ही खूण माझ्यासाठीही वाजू लागली. मी तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत सगळ्या चाळीला खबर असायची. जिने चढताना मी चरफडायची. न सांगता जाण्यावर आमचा सगळा प्रयोग उभा, आणि इथे माझी वर्दी वाजतगाजत पुढे.

एकदा नळावर थांबून मी सरळच म्हटलं, "मी पोलिसांची नाही. इस्पितळातली आहे."

"पोलिसांची असती तरी हेच बोलली असतीस ना?" एक बाई हंडा विसळत म्हणाली.

मला राग आला, पण तिच्या जागी मीही हेच बोलले असते.

तिसऱ्या मजल्यावरची ती खोली एका कुटुंबाची नव्हती. मालवणकडच्या एका गावाच्या लोकांनी मिळून घेतलेली होती. पंधरावीस पुरुष, पाळ्या वेगवेगळ्या, एक झोपतो तेव्हा दुसरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. बायकामुलं गावी. खानावळीतून डबा यायचा. एक निवृत्त, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दिवसभर खोलीत असत. भाडं, साफसफाई, भांडणतंटा सगळं तेच पाहायचे, म्हणून त्यांना सगळे कारभारी म्हणत. आमचा रोगी तिशीतला, साचेखात्यात कामाला, पण सध्या बिनपगारी रजेवर. उंच, सडसडीत, हसला की दात आधी दिसायचे. वहीत त्याचं नाव आणि नंबर होता, मनात मी त्याला साचेवाला म्हणायची.

पहिल्या खेपेला कारभाऱ्यांनी विचारलं, "बाई, रवतास खंय?"

"नायगावला."

"ता झाला. मूळ गाव खंयचा?"

हा प्रश्न गावासाठी नसतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी गाव सांगितलं, आणि त्यांनी विचारायच्या आत आम्ही बौद्ध झालो आहोत हेही सांगितलं. कारभाऱ्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा माठाकडे पाहिलं. मग त्यांनी पितळी पेल्यात पाणी दिलं. पाणी पिऊन मी बाहेर पडले आणि जिन्याच्या वळणावर कान देऊन उभी राहिले. आत पेला राखेने घासल्याचा आवाज आला. पुढच्या खेपेला पुन्हा उभी राहिले, तेव्हा आला नाही. तिसऱ्या खेपेपासून मी उभं राहणं सोडलं, पण त्या पहिल्या आवाजाचं मी काय करायचं ते मला कधी कळलं नाही.

साचेवाल्याचा हिशोब मात्र इतका चोख की मलाच खटकू लागला. रोजच्या बारा गोळ्या. आठवड्याचा डबा दिल्यापासून जितके दिवस झाले असतील तितक्याच बरोबर कमी. लघवीत थेंब टाकले की जांभळा रंग. माझ्या सगळ्या वहीत इतका सरळ माणूस दुसरा नव्हता. अशा माणसावर माझा कसा विश्वास बसावा?

आणि क्ष-किरणांच्या चित्रात त्याच्या डाव्या फुप्फुसावरचा डाग वाढत होता.

डॉक्टरांनी दोन चित्रं उजेडापुढे धरली. "गोळ्या घेतोय, रंग येतोय, तरी डाग पसरतोय. यंदाच्या अंकांत यावरच बरंच आलंय. जंतू औषधाला निर्ढावतात. आपल्याकडेही तेच दिसायला लागलं तर लिहिलं पाहिजे."

"निर्ढावलेत ते जंतूच असतील कशावरून?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"हंडा वाजतो, सर. मी वर जाईपर्यंत त्याला दहा मिनिटं मिळतात. दुसऱ्या कुणाची लघवी भरून ठेवत असेल. आणि रंग फिका येतोय. बाकीच्यांसारखा गडद नाही."

डॉक्टर म्हणाले की ही तपासणी फक्त औषध आहे की नाही एवढंच सांगते, किती आहे ते सांगत नाही. लघवी पातळ असेल तरी रंग फिका दिसतो. मी मान डोलावली, पण फिक्या रंगाची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या खेपेला मी साचेवाल्याला मोरीत पाठवून दाराकडे पाठ करून उभी राहिले. ताजी, कोमट बाटली हातात आली. इस्पितळात थेंब टाकले. जांभळा. फिका, पण जांभळाच.

मी चिडले. चोर सापडत नाही म्हणून नव्हे, चोरीच सापडत नाही म्हणून.

मग एका दुपारी गिरगाव चौपाटीवर मोठी सभा होती. लालबाग-परळ रिकामं झालं होतं, बायकासुद्धा पोरांना काखोटीला मारून गेल्या होत्या. मी मुद्दाम तोच दिवस धरला. नळ टपकत होता, हंडा उपडा पडला होता, वाजवायला कुणी नव्हतं. मी चपला हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. आज पकडायचंच, असा माझा निश्चय होता, आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

दार उघडंच होतं. कारभारी जमिनीवर मांडी घालून बसले होते. पुढे वर्तमानपत्राचा कागद पसरलेला. कागदावर आमच्या गोळ्यांचे चार ढीग. प्रत्येकात तीन. कारभारी बोटाने पुन्हा मोजत होते. साचेवाला भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्या शेजारी एक दुसरा माणूस गुडघ्यात मान घालून खोकत होता.

मला पाहून कुणी उठलं नाही. लपवायला आता काही उरलंच नव्हतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वाटणी," कारभारी म्हणाले. खोलीत गावाहून फणस आला, कुणाला बोनस मिळाला, कुणाकडे लग्नाचे लाडू आले की जे करतात तेच.

खोलीत आणखी तिघांना खोकला होता. तिघेही कामावर जात होते. इस्पितळात नाव लागलं की गिरणीत कळणार, कळलं की बदलीवाला त्यांच्या साच्यावर उभा राहणार, म्हणून तिघेही इस्पितळात यायला तयार नव्हते. औषध आलं होतं एकाच्या नावावर.

"तुम्हाला कळत नाही का," मी साचेवाल्याला म्हटलं, "तीन गोळ्यांनी तुमचा रोग जायचा नाही? चौघांचाही जायचा नाही. तुमच्यासाठी बारा आहेत."

तो हसला. दात आधी दिसले. "बाई, हे माझ्या बाजूक झोपतत. रातभर खोकतत. मी एकट्यान कश्यो खावच्यो?"

दोन वर्षं मी लोकांवर सगळे संशय घेतले होते. औषध फेकतात, विकतात, लपवतात, दुसऱ्याची बाटली देतात. एकजण आपलं औषध वाटून खात असेल, हा संशय मला एकदाही आला नव्हता. खोलीतल्या चौघांपैकी कुणाचीही बाटली भरून आणली असती तरी ती जांभळीच झाली असती.

कारभारी म्हणाले, "वहीत लिवशात तर ह्याचा नाव काढतले. मग चौघांचाय गेला."

साचेवाला नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते बघणं मला अजून आठवतं, कारण इस्पितळाच्या पायऱ्यांवर हात जोडून उभा असलेला तो माणूस मला त्याच वेळी दिसला.

मी म्हटलं, "मी लिहीत नाही. पण उद्यापासून बाराच्या बारा तुम्ही घ्यायच्या. माझी शपथ."

"व्हय," तो म्हणाला.

तो घेणार नाही हे मला दार ओलांडतानाच ठाऊक होतं. समोर खोकणारा माणूस असताना त्याला ते जमणार नव्हतं. तरी इस्पितळात येऊन मी वहीत 'बरोबर' लिहिलं. घरी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. "डाक्टरला सांग की," ती म्हणाली.

"नाव काढील तो. नियमाचा माणूस आहे."

"इचारलंस का त्याला?"

"विचारायला कशाला पाहिजे? मी पाहिलंय."

आई तव्यावरची भाकरी उलटून पुन्हा थापायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. हंडा वाजला. डबा बरोबर, बाटली जांभळी, रंग फिका. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. पुन्हा 'बरोबर'. दोन्ही वेळा तो शब्द लिहिताना मला चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट मला वाटत होतं की मी एका माणसाला नियमाच्या तावडीतून वाचवतेय. डॉक्टर शनिवारच्या चहाला निर्ढावलेल्या जंतूंबद्दल बोलत होते, साचेवाल्याचा नंबर घेऊन, आणि मी कपात बघत बसले होते. हेच ना ते तुमचं विज्ञान, असं मला मनात वाटत होतं. आज मला त्या विचाराची लाज वाटते.

मग गडबड उसळली. परळपासून लालबागपर्यंत रस्त्यावर दगड, टायर, पोलीस. संचारबंदी लागली, उठली, पुन्हा लागली. मला नायगावातून बाहेर पडता येईना. बरेच दिवसांनी इस्पितळात गेले तेव्हा समजलं की आदल्या दिवशी लालबागच्या चौघांनी साचेवाल्याला हातगाडीवर घालून आणलंय. तोंडातून रक्त जात होतं. पांढरं निशाण म्हणून कुणाचं तरी धोतर काठीला बांधून ते पोलिसांमधून आले होते. हातगाडी ओढणाऱ्यांत तो गुडघ्यात मान घालून खोकणाराही होता.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चार ढीग, तीन तीन गोळ्या, गिरणीची भीती, माझे दोन 'बरोबर'.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नाव काढलं असतंत."

"काढलं असतं. प्रयोगातून. आणि त्याच दिवशी खालच्या दवाखान्याच्या वहीत घातलं असतं. औषध तेच, फुकटच. बाकी तिघांनाही तिथेच घेतलं असतं. तिथे गिरणीला कोण सांगायला जातंय?"

"मग परळचे ते दोघे?"

"ते दोघेही खाली येऊन गोळ्या घेतात की. दर मंगळवारी."

"त्यातला एकजण तुमच्यापुढे हात जोडत होता."

डॉक्टरांना आठवावं लागलं. "हो. त्याला पाठवायचं होतं बाहेरगावच्या आरोग्यधामात, तब्येत बिघडली होती म्हणून. तो म्हणत होता, बायको एकटी आहे, इथेच ठेवा. मी नाही म्हणत होतो. शेवटी इथेच ठेवला."

प्रयोगशाळेची ती काच मला अजून दिसते. मी दोन वर्षं त्याच इमारतीत काम करत होते. मंगळवारची खालची रांग मी दर आठवड्याला ओलांडून वर जायची. एकदा थांबून विचारलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. ज्या बाईने लोकांच्या गणपतीमागे हात घातला, तिने हे विचारलं नाही.

डॉक्टरांनी माझी वही पुढे ओढली. पानं उलटली. "यातले किती 'बरोबर' खरे आहेत?"

"ते दोन सोडून सगळे."

"बरं," ते म्हणाले.

सोमवारी मला कळलं की माझ्या सगळ्या खोल्या पुन्हा तपासायला त्यांनी एका परिचारिकेला पाठवलंय. मी जिथे जिथे मोजलं तिथे ती पुन्हा मोजणार. कुणी मला सांगितलं नाही, ती जिन्यात भेटली तेव्हा तिच्या पिशवीतल्या बाटल्यांवरून मी ओळखलं. मला रडू आलं, आणि रागही आला, पण तक्रार करायला तोंड नव्हतं. त्यांच्या जागी मी दोन परिचारिका पाठवल्या असत्या.

खोलीतले तिघे आठ दिवसांनी दवाखान्यात आले, कारभारीच त्यांना घेऊन आले. त्यातले दोघे पूर्ण बरे झाले आणि पुढे कितीतरी वर्षं साच्यावर उभे राहिले. तिसरा गावी गेला, त्याचं मला माहीत नाही.

साचेवाला वॉर्डात होता. आता त्याला बाराच्या बारा गोळ्या मिळत होत्या, परिचारिका समोर उभी राहून घ्यायला लावायची, वर सुयाही होत्या. पण डाग दोन्ही बाजूंना पसरला होता, आणि डॉक्टर क्ष-किरणांची चित्रं आता उजेडापुढे फार वेळ धरत नसत. मी त्याला भेटायला गेले ती माफी मागायला. म्हणजे ठरवून तरी तसंच गेले होते.

मला पाहून तो हसला. गाल आत गेले होते, त्यामुळे दात आणखीच दिसले. आवाज घोगरा झाला होता. "बाई, तुमी लिवलात नाय," तो म्हणाला. "कारभारी म्हणी होते, ही लिवतली. मी म्हटलंय, नाय लिवूची. देव तुमचा बरा करो."

मी माफी मागितली नाही. या माणसाला मी काय सांगायचं होतं? की मी लिहिलं असतं तर त्याला औषध मिळालं असतं?

त्याच्या उशाशी खोलीतल्यांनी आणून दिलेलं मोसंबं होतं. त्याने ते सोललं. वेळ लागला, बोटांत जोर नव्हता. मग फोडी मोजल्या. शेजारच्या खाटेवरच्याला काही दिल्या, स्वतःला ठेवल्या आणि तीन माझ्या हातावर ठेवल्या.

क्षयाच्या वॉर्डात काही खायचं नाही, हा आमचा पहिला नियम होता. पण नियम आठवायच्या आधी मी त्याची बोटं पाहिली होती, आणि त्याच बोटांनी पुसलेलं तोंडही.

"घरी जाऊन खाते," मी म्हटलं, आणि फोडी रुमालात गुंडाळल्या.

इस्पितळाच्या फाटकाबाहेर गटार होतं. रुमालासकट मी त्या तिथे टाकल्या, आणि परत आत जाऊन नळावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

चार दिवसांनी मी पुन्हा गेले. तो उठून बसू शकत नव्हता. डोळे उघडून त्याने मला ओळखलं आणि हळूच विचारलं, "मोसंबा गोड होता?"

"हो," मी म्हटलं. "फार गोड होतं."

त्याला बरं वाटलं. त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.